हृदयस्तंभानंतर मेंदूची सोनोग्राफी : वैद्याने काय सांगावे, काय सांगू नये

शिर, हृदय आणि बस्ति ही तीन मर्मे चरकाचार्यांनी प्रधान मानली आहेत. यांपैकी पहिल्या दोहोंचा संबंध किती निकटचा आहे, हे हृदयस्तंभाच्या रुग्णात जसे दिसते तसे अन्यत्र क्वचितच दिसते. हृदय थांबले की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींची हानी सुरू होते. पुढे छातीवर दाब देऊन, विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा चालू झाले तरी मेंदू जागा होईलच असे नाही. हृदय वाचले, रुग्ण मात्र निपचित पडून आहे, अशा स्थितीत अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आप्तांची घालमेल अमरावती-अकोल्याच्या वैद्यांना नवीन नाही. कारण पहिल्या-दुसऱ्या दिवशीच त्यांच्यापैकी कोणी तरी कागदपत्रे घेऊन आपल्या नेहमीच्या वैद्याकडे येतो आणि विचारतो, ‘वैद्यराज, मेंदूत रक्त कमी जाते असे रिपोर्टात आहे. आता घरी न्यावे काय?’

या प्रश्नाला वैद्याने काय उत्तर द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ही तपासणी करण्याचा अधिकार आम्हांस नाही. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यात सोनोग्राफी कोणी करावी हे ठरलेले असून आयुर्वेद पदवीधर त्यात बसत नाही. तो अधिकार मागण्यासाठीही हा लेख नाही. परंतु ज्या तपासणीवरून आपला सल्ला विचारला जातो, तिचा अर्थ ठाऊक नसताना सल्ला देणे हे वैद्याला शोभणारे नाही.

तपासणी नेमकी काय सांगते?

ध्वनिलहरी हलत्या वस्तूवरून परतताना त्यांची वारंवारिता बदलते, हे तत्त्व डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले. कवटीच्या हाडामुळे मेंदूच्या धमन्यांसाठी त्याचा उपयोग बराच काळ झाला नाही. १९८२ मध्ये रुने आस्लिद व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मेगाहर्ट्‌झच्या लहरी कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या वर, जेथे कवटी पातळ असते तेथून आत पाठविल्या आणि मेंदूच्या मध्य धमनीतील रक्ताचा वेग मोजून दाखविला. ही जागा शंखप्रदेशातील आहे. सुश्रुताचार्यांनी शंख हे सद्यःप्राणहर मर्मांत गणले आहे, हे वाचकांस स्मरतच असेल.

प्रौढ व्यक्तीत या धमनीतील रक्ताचा सरासरी वेग साधारणपणे सेकंदाला ४० ते ८० सेंटिमीटर असतो. त्याचबरोबर स्पंदनांक पाहतात. हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा वेग आणि प्रसरणाच्या वेळचा वेग यांतील तफावत त्यावरून कळते. पुढच्या सूक्ष्म धमन्यांत अडथळा वाढला की प्रसरणकाळचा प्रवाह मंदावतो आणि हा अंक वाढतो. ही तपासणी खाटेशेजारी होते, तीत किरणोत्सर्ग नाही आणि ती दिवसातून अनेकदा करता येते. स्वतंत्र यंत्रच पाहिजे असेही नाही. हृदयाची इको तपासणी ज्या यंत्रावर होते त्याच्या प्रोबनेही ती साधते. उणीव असते ती शिकलेल्या हाताची.

आता महत्त्वाचा मुद्दा. हृदय पुन्हा सुरू झाल्यावर मेंदूतील रक्तप्रवाह लगेच पूर्ववत होत नाही. प्रथम थोडा वेळ तो वाढतो, नंतर काही तास सूक्ष्म धमन्या आखडल्यामुळे घटतो आणि पुढे एक ते तीन दिवसांत हळूहळू सावरतो. म्हणजे पहिल्या दिवशी वेग कमी व स्पंदनांक अधिक दिसणे हा या व्याधीचा अपेक्षित क्रम आहे. पुढे शुद्धीवर येणाऱ्या रुग्णांतही तो आढळतो. शिवाय यंत्र मोजते तो रक्ताचा वेग. प्रत्यक्ष किती रक्त पोहोचले, हे ते थेट मोजत नाही. कृत्रिम श्वसनाची गती वाढवून रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरला की वेग कमी होतो. शरीर थंड ठेवले, झोपेची औषधे दिली, रक्तदाब पडला, तरीही आकडा उतरतो. पांडुरोगात तो उलट चढतो. दहा ते वीस टक्के रुग्णांत, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, शंखप्रदेशातून लहरी नीट आत जातच नाहीत. तेव्हा ‘प्रवाह दिसला नाही’ याचा अर्थ ‘प्रवाह नाही’ असा होत नाही.

मग ही तपासणी निरुपयोगी काय? मुळीच नाही. रक्तदाब किती ठेवावा, श्वसनयंत्र कसे लावावे, मेंदूतील दाब वाढतो आहे काय, हे ठरविताना तिचे मोठे साहाय्य होते. रक्त पुढे जाऊन पुन्हा मागे येते, किंवा केवळ क्षणिक टोके उमटतात, असे चित्र दोन्ही बाजूंस व पुनःपुन्हा दिसले तर ते अत्यंत गंभीर होय. पण तेथेही निर्णय यंत्राचा नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मस्तिष्कस्तंभ-मृत्यू ठरविण्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा प्रत्यक्ष तपासणी करावी लागते.

अरिष्ट आणि अरिष्टाभास

युरोपातील पुनरुज्जीवन व अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थांनी २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत बेशुद्ध रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज ७२ तासांपूर्वी बांधू नये आणि तोही एका लक्षणावर बांधू नये, असे स्पष्ट आहे. बाहुल्यांची व डोळ्याच्या पारदर्शक पटलाची प्रतिक्षिप्त क्रिया, मेंदूचा विद्युत आलेख, मज्जातंतूंच्या संवेदनांची चाचणी, रक्तातील विशिष्ट द्रव्य, सी.टी. किंवा एम.आर.आय. यांपैकी किमान दोन गोष्टी एकाच दिशेने बोलल्या पाहिजेत. या यादीत डॉप्लर तपासणीचा समावेश नाही.

आम्हां वैद्यांना हा विचार परका वाटू नये. चरकसंहितेचे संपूर्ण इंद्रियस्थान मरणसूचक लक्षणांसाठी आहे. तेथे आचार्यांनी बजावले आहे की, जे अरिष्ट नाही ते अरिष्ट समजणे हा प्रज्ञापराध होय. पहिल्या दिवसाचा कमी वेग हे आमच्या मते अरिष्टाभासाचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या आधारे ‘घरी न्या’ म्हणणारा वैद्य रुग्णाचे ते दोन दिवस हिरावून घेतो, ज्यांत खरे काय ते कळणार असते.

आपल्या वऱ्हाडात या सावधगिरीचे आणखी एक कारण आहे. शेतात जागलीला गेलेला किंवा घरात जमिनीवर निजलेला माणूस रात्री मण्यारीच्या दंशाने पहाटे निश्चेष्ट सापडतो. दंशाच्या जागी सूज नसते, वेदनाही फारशा नसतात. पापण्या मिटतात, श्वासाचे स्नायू थांबतात, मागोमाग हृदयही थांबू शकते. हृदय सुरू करून कृत्रिम श्वसनावर ठेवलेल्या अशा रुग्णाच्या बाहुल्या स्थिर असतात, हातपाय हलत नाहीत, आणि तो मृतवत भासतो. तथापि आत मेंदू जागा असू शकतो व काही दिवसांनी असा रुग्ण उठून बसल्याची उदाहरणे भारतात नोंदली गेली आहेत. अशा प्रसंगी धमनीतला सुरळीत प्रवाह दाखविणारी सोनोग्राफी हीच रुग्णाची साक्षीदार ठरते. फवारणीच्या औषधांच्या विषबाधेतही बाह्य लक्षणे फसवी असतात. म्हणून दंश वा विषबाधेची शक्यता असल्यास ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालणे, हे कुटुंबाला ओळखणाऱ्या वैद्याचे पहिले काम आहे.

तेव्हा रिपोर्ट हाती आल्यावर वैद्याने आप्तांना पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात. हृदय सुरू झाल्यावर किती तासांनी तपासणी झाली? त्या वेळी रक्तदाब किती होता, झोपेची औषधे चालू होती काय? दोन्ही बाजू पाहिल्या काय? पुन्हा कधी पाहणार आहेत? आणि मग शांतपणे सांगावे की, तीन दिवस पुरे होईतो या एका कागदावर निर्णय घेऊ नका. अरिष्ट दिसले तरी वैद्याने न विचारता ते बोलू नये, अशी आचार्यांची आज्ञा आहे. आज आप्त स्वतःच विचारतात आणि खर्चाचा भार त्यांच्यावर असतो, त्यामुळे सत्य लपविणे उचित नाही. पण जे अद्याप सत्य ठरलेले नाही ते घाईने उच्चारणे त्याहून अनुचित आहे.

बुडते भांडे

या तपासणीत तिसऱ्या दिवशी काय दिसणार, याचा बराचसा निकाल पहिल्या पाच मिनिटांतच लागलेला असतो. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. रस्ता उत्तम झाला, पण मेंदूची मिनिटे वाढली नाहीत. मूर्तिजापूर असो, दर्यापूर असो वा मेळघाटातील धारणी असो, त्या मिनिटांत जवळ असतो तो गावचा वैद्य किंवा औषधी दुकानदार. २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेच्या अनेक गाड्यांतील डॉक्टरही आयुर्वेद पदवीधरच असतात.

संन्यासाच्या रुग्णाला खोल पाण्यात बुडणाऱ्या भांड्याची उपमा देऊन, ते तळाला जाण्यापूर्वी उचलावे असे चरकाचार्यांनी म्हटले आहे. या त्वरेचा आजचा अर्थ स्पष्ट आहे. हाक मारून उत्तर नाही, श्वास नाही किंवा केवळ घरघर आहे, अशा व्यक्तीत तीक्ष्ण नस्य, अंजन वा कांदा हुंगविणे यांत एक क्षणही दवडू नये. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा व दुसऱ्याने १०८ ला दूरध्वनी करावा. मदत येईपर्यंत थांबू नये. यात शास्त्राचा अवमान कोठेही नाही.

हेमगर्भाच्या मात्रेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अखेरच्या क्षणी ती आल्याच्या रसात उगाळून चाटविण्याची महाराष्ट्रातील रीत सर्वांस ठाऊक आहे. परंतु गिळण्याची क्रिया लोपलेल्या बेशुद्ध रुग्णाच्या जिभेवर ठेवलेले औषध श्वासनलिकेत उतरू शकते. आपल्या औषधी विक्रेत्या बंधूंनी अशा रुग्णासाठी ती मागणाऱ्याला हे सांगावे, आणि नळीतून कोणतेही कल्प देण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारण्यास लावावे. ‘मेंदू जागा करणारे औषध’ अशी पाटी तर लावूच नये. हृदयरोग व मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि हताश माणसाकडून पैसे घेण्यास आपल्या व्यवसायनीतीची बंदी आहे.

आमची संघटनेस विनंती अशी. अमरावतीचे विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय व अकोल्याचे राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालय यांच्या सहकार्याने प्रत्येक तालुका शाखेत वैद्य व दुकानदार यांच्यासाठी वर्षातून एकदा हृदय-पुनरुज्जीवनाचे प्रात्यक्षिक घ्यावे. अतिदक्षता विभागातील तज्ज्ञांना बोलावून असे रिपोर्ट कसे वाचावेत यावर एक सत्र ठेवावे. खर्च फार नाही. ज्या गावात दहा माणसांना छातीवर दाब देता येतो आणि ज्या गावचा वैद्य ‘तीन दिवस थांबा’ असे समजून-उमजून सांगतो, त्या गावात या तपासणीचे शुभ वर्तमान ऐकण्याची संधी निश्चितच अधिक आहे.