दर्या, दऱ्या आणि संगणक

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा या गावाचे नाव जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात लिहिले, तर संगणक आधी ऱ्हस्व वेलांटी साठवितो आणि मग 'क'. टंकलेखन यंत्राचा हा क्रम फॉन्टकारांनी तसाच उचलला होता. युनिकोडमध्ये 'क' आधी, वेलांटी मागाहून. कागदावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी दिसतात. पण एका कचेरीच्या आज्ञावलीने ते नाव दुसरीच्या आज्ञावलीकडे पाठविले, की तिच्या लेखी असे गाव अस्तित्वातच नसते.

यात एकट्या कोणाला दोष देता येणार नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरी होती. परंतु कचेऱ्यांतील संगणकांना ती समजू लागण्यास आणखी दशक गेले. तोवर ज्याने त्याने आपापले फॉन्ट घडविले. केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरविले ते २००९ साली, आणि तेव्हा जुन्या मजकुराचे डोंगर साचलेले होते.

या दोन जगांना जोडण्याचे काम परिवर्तक नावाची आज्ञावली आपोआप करते. वेलांटी मागे नेणे, रफार पुढे आणणे हे ती बिनचूक करू शकते. अडचण त्यापुढे आहे. जुन्या फॉन्टात 'ऱ्य' सापडला नाही म्हणून कोणी रफार देऊन भागविले असेल, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, आणि आचाऱ्यांचे मानधन आचार्यांच्या नावे पडते! दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीलाही संशय येत नाही. शिवाय जिल्ह्याचे नाव कोणी 'वाशीम' लिहितो, कोणी 'वाशिम'. येथे यंत्राला अंदाज करावा लागतो, आणि अंदाज केल्याचे ते सांगत नाही. गावाच्या नावात हे एकवेळ खपेल. शिष्यवृत्तीच्या यादीतील मुलीच्या नावात खपणार नाही.

वऱ्हाडला असल्या सांध्यांचा अनुभव आहे. अकोला–पूर्णा लोहमार्ग २००८ पर्यंत मीटरगेज होता. त्यावरचा डबा अकोल्यास ब्रॉडगेजवर चढू शकत नसे; माल उतरवून पुन्हा भरणे आले, आणि त्यात फूटतूटही आली. हमाल अधिक हुशार करावेत, असा उपाय तेव्हा कोणी सुचविला नाही. मार्गच बदलण्यात आला.

संगणकातही परिवर्तकाला कायमचा हमाल करून ठेवणे हा आळस आहे. जुने दप्तर एकदाच युनिकोडमध्ये आणावे, मूळ प्रत मात्र जपून ठेवावी. यंत्राने जेथे अंदाज केला तेथे खूण करावी आणि ती जागा मराठी जाणणाऱ्या माणसाने डोळ्यांखालून घालावी. गावे नावाच्या स्पेलिंगवरून जुळवू नयेत. जनगणनेने प्रत्येक गावाला सांकेतांक दिलेला आहे, तो वापरावा. खर्च होईल, वेळही लागेल. आज मात्र तो भार भलत्याच्याच माथी येतो: दोन कागदांवरील नावांत काना-मात्रेचा फरक पडला, की नागरिकाकडे प्रतिज्ञापत्र मागण्याची रीत आहे. ज्या कचेरीच्या यंत्राने नाव पालटले, तिनेच मूळ नोंद काढून ते विनामूल्य दुरुस्त करून दिले पाहिजे.