थम लागंना

'सर्व्हर डाऊन हाय' एवढं म्हटलं की आमच्या भागात कुठलंही भांडण संपतं. पूर्वी असं नव्हतं. तलाठी जागेवर नसला तर त्याच्या घरी जाता यायचं. दुकानदारानं मापात मारलं तर चार माणसं जमवून जाब विचारता यायचा. पोस्टमननं मनिऑर्डर दोन दिवस खिशात ठेवली तर तक्रार थेट त्याच्या आईकडं जायची, कारण त्याची आई आमच्याच आळीतली. चूक करणाऱ्याला तोंड होतं. सर्व्हरला तोंड नाही. तो कुठं असतो, का झोपतो, कधी उठतो, हे दुकानदाराला सांगता येत नाही आणि तालुक्याच्या साहेबालाही नाही. पावसापाण्यासारखंच झालंय ते. फरक एवढाच, की पाऊस नाही पडला तर पंचनामा होतो, पैसेवारी लागते. सर्व्हर पडला तर कशाचाच पंचनामा नाही.

माझं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. डोंगराच्या दोन सोंडांच्या बेचक्यात साठ-सत्तर घरं. टॉवर आहे तो बाजारगावाला, आणि मध्ये डोंगर आडवा. त्यामुळं गावात रेंज नाही. ती आहे वर खिंडीत, एका सपाट कातळावर. पोरांनी त्याला 'रेंजचा दगड' असं नाव ठेवलं, आता म्हातारीकोतारीही तसंच म्हणतात. दिवस मावळायला आठ-दहा माणसं तिथं पाठीला पाठ लावून बसलेली असतात, जो तो आपापल्या मुंबईशी बोलत. कुणाचा पगार झाला नाही, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, हे सगळं सगळ्यांना कळतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली सांगितलं. त्या दगडावर तो हक्क अजून पोचलेला नाही. पावसाळ्यात तर तिथं उभंच राहवत नाही. मग फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, फांदीला टांगायचा आणि घोंगड्याची खोळ घेऊन झाडाबुडी वाट बघत बसायचं. वाजला की उतरवायचा.

तुम्ही म्हणाल, रिटायर झालेला मास्तर, याला नवं काही सोसत नाही. तसं मुळीच नाही. 1995 साली देशात पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. 2003 साली इनकमिंग फुकट झालं आणि मोबाइल गरिबाच्या खिशात आला. त्याच वर्षी नोकियाचा 1100 निघाला. धूळ शिरणार नाही असा कीपॅड आणि डोक्याला दिवा. माझ्याकडं तो नऊ वर्षं होता. गोठ्यात, पाणंदीत, रात्री भाताला पाणी धरायला. फोन म्हणून त्यानं जेवढं काम केलं, त्याच्या दुप्पट बॅटरी म्हणून केलं. खालच्या आळीतल्या पोराला पान लागलं तेव्हा 108 ची गाडी आली ती रेंजच्या दगडावरून लावलेल्या फोनमुळंच. आमची पोरं वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, ती महिन्यातून चारदा आईचं तोंड व्हिडिओवर बघतात. यंत्राला नावं ठेवणारा मी कोण? माझं भांडण आहे ते यंत्राची सक्ती करणाऱ्याशी. सक्ती त्याची, आणि यंत्र बंद पडलं की तोटा माझा, हा कुठला न्याय?

मुलाशी बोलायला मी डोंगर चढेन. ती माझी गरज आहे. पण कायद्यानं जे माझं आहे, ते घेण्यासाठी मला डोंगर चढायला लावायचा अधिकार कुणी कुणाला दिला?

माझी थोरली चुलती, नानी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य हा 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क. पण यंत्रावर अंगठा लागल्याशिवाय धान्य सुटत नाही, आणि गावात रेंज नसल्यामुळं यंत्र चालत नाही. म्हणून आमचा दुकानदार महिन्यातून दोन दिवस यंत्र घेऊन रेंजच्या दगडावर जाऊन बसतो. सगळं गाव वर चढतं, अंगठा देतं, खाली उतरतं आणि मग दुकानातून धान्य घेतं. धान्य खाली, अंगठा वर. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला चेष्टा वाटते.

नानी काठी टेकत वर गेली. अंगठा ठेवला. यंत्र लाल झालं.

"थम लागंना, नानी. दुसरं बोट दे."

दहाही बोटं झाली. खोबरेल लावून झालं, पदराला पुसून झालं, दगडाच्या खळग्यातल्या पाण्यात बुडवून झालं. लागंना. आता त्या बोटांवर रेघा राहणार कशा? साठ वर्षं भाताची लावण केली, नाचणी खुरपली, शेण थापलं, राखेनं भांडी घासली. ज्या बोटांनी जन्मभर धान्य पिकवलं, त्याच बोटांना धान्य घ्यायला ओळख पटेना. ती दोनदा वर गेली. तिसऱ्या खेपेला सर्व्हर डाऊन होता. तोवर महिना संपला. गेल्या महिन्याचं धान्य पुढच्या महिन्यात मिळत नाही, असं दुकानदारानं सांगितलं. तोही काय करणार, त्याचंही तोंड त्या यंत्रानंच बांधलंय.

मी शाळेत असताना 'अंगठेबहाद्दर' ही शिवी होती. साक्षरतेच्या वर्गात आम्ही म्हाताऱ्यांना पाटीवर सही गिरवायला शिकवली, नानीला मीच शिकवली. सही आली त्या दिवशी तिनं गूळ वाटला होता. आता शिकल्यासवरल्यालाही अंगठाच मागतात आणि सहीला कुणी विचारत नाही. पण जुन्या काळात निरक्षराचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटवला की तो त्याचाच मानला जायचा. 'हा अंगठा तुझा नाहीच' असं सावकारसुद्धा म्हणाला नव्हता.

आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. म्हणजे ही गोष्ट सुरू झाली तीच खेड्यातून, खेड्याच्या नावानं. तेव्हा या अंगठ्यांचा विचार झाला असेल अशी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

अंगठा नसेल तर ओटीपी घ्या म्हणतात. नानीच्या आधारला नंबर जोडलाय तो तिच्या मुलाचा, कारण कार्ड काढलं तेव्हा घरात फोन एकच होता. ओटीपी जातो वाशीला. त्या वेळी तो पाठीवर कांद्याचं पोतं घेऊन ट्रकच्या फळीवर असतो. पोतं उतरवून, हात पुसून त्यानं आकडे वाचायचे, इकडं फोन लावायचा, इकडं फोन असणार कुणाकडं तर दगडावर बसलेल्या कुणाकडं तरी. तोवर ओटीपी मेलेला. त्याचं आयुष्य दहा मिनिटांचं.

यावर शहरातला माझा भाचा म्हणतो, "मामा, थोडं थांबा. आता 5जी आलंय." 5जी आलं 1 ऑक्टोबर 2022 ला, दिल्लीत. आमच्याकडं ते येईल तेव्हा येईल, पण मुद्दा तो नाही. या 'जी'च्या मोजणीत एक गोम आहे, ती कुणी सांगत नाही. आमच्या देवाची जत्रा असते तेव्हा पलीकडच्या खोऱ्यात ढोल ऐकू जातो, झांज ऐकू जात नाही. ढोलाचा आवाज खर्जातला, तो वळसा घालून लांब जातो. झांजेचा तारसप्तकातला, तो जवळच जिरतो. मोबाइलच्या लहरींचंही तसंच आहे. जुन्या 2जीच्या 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जायच्या. 5जीसाठी आपल्याकडं मुख्यतः वापरतात त्या 3300 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी एका वेळी पुष्कळ माल वाहतात, पण लांब जात नाहीत आणि भिंतीशी अडतात. दाट वस्तीच्या शहराला त्या सोयीच्या. डोंगराला हव्या असतात खालच्या लहरी. अशा 700 मेगाहर्ट्झच्या लहरी सरकारनं 2016 साली लिलावात काढल्या. किंमत इतकी चढी, की एकाही कंपनीनं घेतल्या नाहीत. 2021 साली पुन्हा काढल्या, पुन्हा तशाच राहिल्या. अखेर 2022 ला खपल्या. म्हणजे जो ढोल आमच्या खोऱ्यापर्यंत पोचला असता, तो सहा वर्षं किमतीची चिठ्ठी लावून कोठारात पडून होता. आणि आम्हाला सांगत होते, झांज बघा किती चकचकीत आहे.

नुसत्या लहरींनीही भागत नाही. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास चालते, मग डिझेल कुणी आणून टाकलं तर जनरेटर, नाहीतर अंधार. आणि वीज जाते कुठं, तर कोयनेच्या खोऱ्यात! कोयनेच्या वीजघरांची क्षमता 1,960 मेगावॉट. त्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या नातवंडांना रेंज नाही, कारण टॉवरला वीज नाही. यावर मी आणखी काही लिहीत नाही. लिहायला बसलो तर वेगळं पुस्तक होईल.

या सक्तीच्या बाजूनं एक गोष्ट नेहमी सांगतात: यंत्रामुळं चोरी थांबली, बोगस नावं गेली. बोगस नावं गेली असतील, चांगलंच झालं. पण आमच्याकडं चोरी होती ती मुख्यतः मापात. पाच किलोचे साडेचार. यंत्र अंगठा ओळखतं, कमी पडलेला अर्धा किलो ओळखत नाही. अंगठा लागला की पाचाची नोंद होते, पिशवीत साडेचार पडले तरी. चोराच्या वाटेवर दिवा लावायचा सोडून नानीच्या वाटेवर फाटक बसवलं.

बरं, यंत्र चुकलं तर भुर्दंड कुणी सोसायचा, हे सरकारला ठरवता येत नाही असंही नाही. ठरवलेलं आहे, पण आमच्यासाठी नाही. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून मात्र वजा झाले, तर बँकेनं पाच दिवसांत ते परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची, तीही ग्राहकानं अर्ज न करता. रिझर्व्ह बँकेचा हा नियम सप्टेंबर 2019 चा आहे. चांगला नियम आहे. ज्याचं यंत्र, त्याचा दंड. दूरसंचार नियामक प्राधिकरणानंही 2024 साली नियम केला, की सेवा 24 तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई. फक्त एक शब्द बघा: ही सेवा बंद पडायला हवी जिल्हाभर. अख्ख्या सातारा जिल्ह्याचा फोन मुका झाला तर भरपाई. आमचं खोरं गेल्या श्रावणात नऊ दिवस मुकं होतं, ते कुठल्या हिशोबात नाही.

रेशनचं तर आणखी नवल. केंद्राच्या अन्न विभागानं ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना लेखी कळवलेलं आहे, की आधार नाही, नेटवर्क नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारू नका. कार्ड बघून धान्य द्या आणि अशा नोंदी वेगळ्या वहीत ठेवा. म्हणजे नानीला डोंगर चढायची गरजच नव्हती. गरज होती ती शंभर पानी वहीची आणि ती उघडायची हिंमत असलेल्या एका माणसाची. ती वही आमच्या दुकानात मी कधी पाहिली नाही. दुकानदार म्हणतो, "गुर्जी, वहीवर दिलं आन् वर हिशोब जुळला न्हाय, तर माझ्याच गळ्याशी येईल की." त्याचं खोटं नाही. वरच्यांनी कागद काढला आणि खालच्याला एकटं सोडलं.

म्हणून या वर्षीच्या ग्रामसभेत आम्ही ठराव केला. तीनच गोष्टी मागितल्या. रेशनच्या दुकानात ती वही सुतळीनं बांधून टांगलेली असावी, म्हणजे कुणालाही उघडता येईल. सर्व्हर बंद असलेले दिवस रोजच्या रोज फळ्यावर खडूनं लिहावेत. आणि यंत्रामुळं ज्याचं धान्य बुडालं त्याला ते पुढच्या महिन्यात दिवसाच्या दंडासह मिळावं, एटीएमवाल्याला मिळतं तसं. दंडाचं कलम ऐकून बसलेले लोक हसले. नानी हसली नाही. ती म्हणाली, "लिवा. दंड लिवा. आमी उशिरा घरपट्टी भरली तर आमाला लावत्यात की."

ठराव ऑनलाइन पाठवायचा आग्रह होता. मी पोस्टानं पाठवला, पोचपावतीसह. पोचपावती आठव्या दिवशी आली, खाली कचेरीचा शिक्का आणि कुणाची तरी शाईची सही. उत्तराची वाट बघतोय. तोवर दुकानदारानं आपल्या पैशानं वही आणली आहे. पहिल्या पानावर अकरा नावं आहेत. चौथ्या ओळीत नानीनं सही केलीय, जरा वाकडी, पण वाचता येते.