उत्पन्न वहीत, पैसे कुठे?

तिमाही निकालांचे दिवस आले की आपल्या भागातल्या घराघरांत सॉफ्टवेअर कंपन्यांचा विषय निघतो. कुणाचा मुलगा बंगळूरला, कुणाची सून पुण्याला, शिवाय निवृत्तीच्या पैशातून घेतलेले चार शेअर. पण नफा वाढूनही शेअर पडला कसा, हे कोडे अनेकांना सुटत नाही.

समजा, सुताराला कपाटाचे काम अंगावर दिले. पैसे काम संपल्यावर. अर्धे काम झाले म्हणून सुतार अर्धे पैसे मिळकतीत धरील काय? सॉफ्टवेअर कंपनी धरते. ठरावीक रकमेच्या कंत्राटात जेवढे काम झाले तेवढे उत्पन्न त्याच तिमाहीत दाखवायचे, हा हिशेबाचा मान्य नियम आहे. त्यात गैर काही नाही. मात्र काम अर्धे झाले की पाऊण, हा अदमास कंपनीचाच असतो. म्हणून जाणकार मंडळी उत्पन्नाशेजारी येणे रक्कम आणि बिल न झालेले उत्पन्न पाहतात. विक्रीपेक्षा ही उधारी भराभर वाढू लागली की ती सावध होतात.

दुसरी गोष्ट पुढच्या वर्षाच्या अंदाजाची. एप्रिल 2003 मध्ये इन्फोसिसने बेताचा अंदाज दिला आणि एका दिवसात शेअर चौथ्या हिश्शाहून अधिक कोसळला. प्रत्यक्षात त्याच आर्थिक वर्षात कंपनीचे उत्पन्न 1 अब्ज डॉलरपलीकडे गेले!

उलट हैदराबादची सत्यम. सप्टेंबर 2008 अखेरच्या तिमाहीत तिने उत्पन्न दाखवले 2,700 कोटी रुपये, खरे होते 2,112 कोटी. कामकाजातला नफा दाखवला 649 कोटी, खरा अवघा 61 कोटी! 7 जानेवारी 2009 च्या पत्रात अध्यक्ष रामलिंग राजू यांनीच हे कबूल केले. रोख शिल्लकही 5,040 कोटींनी फुगवलेली, वर नसलेले 376 कोटींचे व्याज. नुसती उधारी तपासणाराही इथे फसलाच असता.

आम्हाला विचाराल तर सावध बोलणाऱ्या कंपनीचे शेअर घाबरून विकू नयेत. अर्थात मुद्दाम कमी सांगायचे आणि मग शाबासकी मिळवायची, ही चालही काही जण खेळतात. त्यासाठी मागच्या चार-पाच वर्षांचे अंदाज आणि निकाल शेजारी मांडून पाहावेत. वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचे पान असते, तेही उघडावे. नफा वाढतो आहे आणि कामकाजातून हाती येणारी रोख मात्र दरवर्षी मागे पडते आहे, असे दिसले तर कारण खालच्या टिपांत शोधावे.