परक्या बुद्धीची कथा

विज्ञानकथेतला परग्रहवासी पुष्कळदा वेष पालटलेला माणूस असतो. कातडी हिरवी आणि डोळे तीन असले, तरी त्याचा राग, त्याची सत्तेची हाव आणि त्याची युद्धे माणसाचीच असतात. पंचतंत्रातले प्राणीही माणसासारखे बोलतात. पण ती कथा नीती शिकवण्यासाठी रचलेली असल्याने तिथे तो दोष ठरत नाही. विज्ञानकथा मात्र माणसापलीकडची बुद्धी कशी असेल, असा प्रश्न विचारते. त्याचे प्रामाणिक उत्तर शोधायचे तर एक क्रम पाळावा लागतो. आधी परिसर ठरतो, परिसरातून शरीर घडते, शरीराला त्याची इंद्रिये मिळतात. त्या इंद्रियांना जाणवेल तेवढेच त्या जीवाचे जग असते, आणि त्या जगातूनच त्याची भीती, ओढ आणि मूल्ये येतात.

हा क्रम काटेकोरपणे पाळणारी कादंबरी म्हणजे हाल क्लेमंट यांची ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’. तिच्यातल्या मेस्कलिन ग्रहावर विषुववृत्तापाशी पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवांपाशी शेकडो पट गुरुत्वाकर्षण आहे. तिथले रहिवासी गोमेसारखे लांबट आणि जमिनीला चिकटून चालणारे आहेत. जिथे वीतभर उंचीवरून पडणे म्हणजे मरण, तिथे उंचीचे भय प्रत्येक निर्णयात उतरते. एड्रियन चायकोव्हस्की यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ टाइम’मध्ये (२०१५) कोळ्यांची संस्कृती उभी राहते. जाळ्याच्या कंपनांतून त्यांचे बोलणे चालते आणि मुंग्यांच्या वसाहतींकडून ते गणनाची कामे करवून घेतात. स्तानिस्वाव लेम यांच्या ‘सोलारिस’मध्ये (१९६१) तर संपूर्ण ग्रह व्यापणारा महासागरच सजीव आहे. पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास करूनही माणसाला त्याचा हेतू कळत नाही. परके ते परकेच राहू शकते, हे लेम यांनी ठामपणे मांडले.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण फ्रेड हॉइल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’चे (१९५७). हॉइल हे केंब्रिजला विज्ञानकथाकार जयंत नारळीकरांचे गुरू. त्यांच्या कादंबरीत वायूचा एक अवाढव्य मेघ सूर्याजवळ येतो आणि तो बुद्धिमान असल्याचे उघड होते. शास्त्रज्ञ रेडिओवरून त्याच्याशी संवाद साधतात, तेव्हा आश्चर्य मेघालाच अधिक वाटते. ग्रहाच्या पृष्ठभागावर, गुरुत्वाकर्षणाच्या दडपणाखाली, एवढ्याशा मेंदूत विचार कसा रुजला, हे त्याला उमगत नाही. इथे अपवाद माणूस ठरतो आणि पाहण्याची दिशाच उलटते.

मराठी विज्ञानकथा वाढली ती बरीचशी दिवाळी अंकांच्या आश्रयाने. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. पुढे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेऊन या लेखनाला बळ दिले. १९७४ मध्ये परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते स्वतःची आद्याक्षरे उलटी करून लिहिणारे जयंत नारळीकर होते. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदींनी ही वाट रुंद केली. नारळीकरांच्या ‘प्रेषित’मध्ये दुसऱ्या ग्रहावरचे मूल माणसांच्या घरात वाढते. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत, भूगर्भात सापडलेल्या प्राचीन ज्ञानातून यंत्रमानव घडतो आणि त्याला आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करायचे असतात. संगणक मराठीत उत्तरे देऊ लागले असताना ही कादंबरी पुन्हा वाचण्याजोगी आहे.

तरीही या बहुतेक कथांत पाहणारा डोळा माणसाचाच राहिला. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. वाचकाला विज्ञान समजावून देण्याची जबाबदारी लेखकांनी स्वीकारली होती, आणि अंकातल्या मोजक्या पानांत अख्खे परके जग उभारायला जागा अपुरी पडते. पाया तयार झाल्यावर पुढचे पाऊल टाकणे हे आताच्या लेखकांचे काम आहे.

त्यासाठी लागणारी सामग्री दूर नाही. जालना जिल्ह्यातल्या कपाशीच्या शेतांत कामगंध सापळे टांगलेले दिसतात. गुलाबी बोंडअळीची मादी जो गंध सोडते, त्याचीच कृत्रिम नक्कल सापळ्यात असते आणि नर पतंग तिच्याकडे ओढला जातो. माणसाच्या नाकाला ज्याचा पत्ता नाही, असा गंध त्या पतंगाची रात्र ठरवतो. हा सापळा म्हणजे दुसऱ्या जीवाच्या इंद्रियांतून जग पाहण्याचा व्यवहारातला प्रयोगच आहे. त्याच शेताचा इतिहासही कथेला खाद्य देतो. १९६४ मध्ये जालन्यात सुरू झालेल्या महिको या बियाणे कंपनीच्या, बोंडअळीला मारक अशा बीटी कपाशीच्या संकरित वाणांना २००२ मध्ये देशात पहिली मान्यता मिळाली. पुढे बोंडअळीत बीटीविरुद्ध प्रतिकारक्षमता उत्क्रांत झाली आणि २०१७ च्या खरिपात मराठवाडा-विदर्भाने मोठे नुकसान सोसले. हे काम निसर्गनिवडीचे. त्यामागे कोणी विचार करणारा नाही. मात्र एकही अळी काही जाणत नसताना सगळी जात मिळून तोडगा काढते, या वस्तुस्थितीतून व्यक्तीविना बुद्धीची कल्पना सुचू शकते.

जालन्यातल्याच मंठा तालुक्याच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. उल्काघाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातले पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी आहे, तरीही त्यात सूक्ष्मजीवांची दाटी आहे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले, ते क्षारप्रिय आर्किया या सूक्ष्मजीवांमुळे. जीवसृष्टीला आपल्यासारखेच हवा-पाणी लागते, हा समज इथे गळून पडतो. इंद्रियांचेही तसेच: मधमाशीला लाल रंग दिसत नाही, पण अतिनील प्रकाश दिसतो. अष्टपादाच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी दोन-तृतीयांश त्याच्या बाहूंत असतात. ज्याचे हात स्वतःच्या तंत्राने विचार करतात, त्याची ‘मी’ ही जाणीव एकसंध असेल का, असा प्रश्न कथाकाराला इथे आयता मिळतो.

या लेखनातली मुख्य अडचण समतोलाची आहे. पात्र पुरते परके ठेवले तर वाचकाला धरायला काही उरत नाही. फार ओळखीचे केले तर ते पुन्हा माणूस होते. उपाय असा, की भूक, धोका, संतती, मृत्यू अशी सगळ्या जीवांना लागू पडणारी एखादी गरज पूल म्हणून ठेवावी आणि त्या गरजेला दिलेला प्रतिसाद परक्या शरीरातून काढावा. नियम कथेच्या आरंभी ठरावेत आणि शेवटपर्यंत मोडू नयेत. अनुवादित वाटणारी नावे व यंत्रे टाळून वर्णनासाठी शेत, रान, स्वयंपाकघर इथली मराठी वापरावी. गंध, स्पर्श, चव यांसाठी तिच्यात पुरेशी सूक्ष्मता आहे.

जालना जिल्ह्याच्याच भोकरदन तालुक्यातल्या जाळीचा देव या महानुभाव क्षेत्री चक्रधरस्वामी वाघाच्या पिलांशी खेळल्याची श्रद्धा आहे. इतर जीवांविषयीची करुणा मराठी मनाला शिकवावी लागलेली नाही. विज्ञानकथा तिला समजुतीची जोड देते: दुसऱ्या जीवावर दया करण्याच्याही आधी, त्याला जग कसे दिसते ते विचारायला लावते. रान आटत असताना आणि यंत्रे बोलू लागली असताना माणसाला या सवयीची गरज आहे, आणि ती लावण्याची ताकद मराठी विज्ञानकथेत आहे.