स्वस्त बंदुकीचा हिशेब

न्यूयॉर्क राज्यातील इलियन या गावी जवळजवळ दोनशे वर्षे चाललेला रेमिंग्टन बंदुकांचा कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद झाला. कंपनी त्यापूर्वी २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत निघाली होती. नव्या मालकांनी काम दक्षिणेत जॉर्जिया राज्यात हलविले. एका गावाची रोजी बुडाली, ही गोष्ट दुःखाची खरीच. परंतु ज्या गावाने सामान्य अमेरिकन शिकाऱ्याच्या हाती परवडण्याजोगी आणि तरीही विश्वासाची बंदूक दिली, त्याच गावाचा कारखाना बंद पडावा, यामागे स्वस्ताईचा एक लांबलचक हिशेब दडलेला आहे. पाखरे आणि ससे यांच्या शिकारीसाठी पहिली बंदूक घ्यावयास निघालेल्या माणसाने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

भारतात हा प्रश्न आता जवळजवळ उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लहान सावजाच्या शिकारीचा स्वतंत्र परवाना होता. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार लागले, आणि लागले हे योग्यच झाले. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठेवलेली ठासणीची बंदूक कोकणातल्या शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. पण तिच्या परवान्याने रानडुक्कर मारण्याची मुभा आपोआप मिळत नाही. अमेरिकेची गोष्ट निराळी. तेथेही प्रवासी कबुतरांचे आभाळ झाकणारे थवे बाजारासाठी मारून संपविण्यात आले, आणि त्या जातीचे शेवटचे पाखरू १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. त्या लाजेतून पुढचे कायदे जन्मले. १९३७ च्या कायद्यान्वये बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळविण्यात आला. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर आज तो कर अकरा टक्के आहे. शिकारीला मुदत आहे, संख्येचे बंधन आहे, आणि बहुतेक राज्यांत शिक्षणाची अटही आहे. या चौकटीत राहून शेतावरचा मजूर किंवा गिरणीतला कामगार शरदात चार लावे आणि दोन ससे घरी आणू इच्छित असेल, तर त्याने कोणती बंदूक घ्यावी, हा प्रश्न तेथे दरवर्षी नव्याने उभा राहतो.

याचे उत्तर इलियनने १९५० साली दिले. त्यापूर्वीची नावाजलेली बंदूक म्हणजे विंचेस्टरची मॉडेल १२. पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरावयाची ही पंप जातीची बंदूक. तिचा एकेक भाग पोलादातून कोरून काढलेला आणि कारागिरांनी हाताने घासून बसविलेला असे. असली कारागिरी मजुरीचे दर वाढू लागताच परवडेनाशी झाली आणि १९६४ मध्ये तिचे नियमित उत्पादन थांबले. रेमिंग्टनच्या मॉडेल ८७० ने मार्ग वेगळा धरला. बंदुकीची मुख्य पेटी अखंड पोलादाचीच ठेवली. मूठ आणि खटका यांना जोडणाऱ्या पट्ट्या एकीऐवजी दोन केल्या, म्हणजे ओढताना ती तिरकी होऊन अडकू नये. काटकसर केली ती आतल्या किरकोळ भागांत. ते पत्र्यातून ठोकून काढले. या बंदुका पुढे एक कोटीहून अधिक खपल्या. मॉसबर्गची मॉडेल ५०० ही तिची प्रतिस्पर्धी साठच्या दशकाच्या आरंभी आली आणि तीही तेवढीच लोकप्रिय झाली.

काटकसर कोठे करावी याचे तारतम्य असेपर्यंत स्वस्त वस्तू चांगली असू शकते. तारतम्य सुटले की काय होते, तेही याच घराण्यात पाहावयास मिळाले. १९८७ मध्ये ८७० ची एक्स्प्रेस नावाची आणखी स्वस्त आवृत्ती निघाली. झिलईऐवजी खरबरीत रंगाची नळी आणि साधे लाकूड एवढ्यावर भागले असते, तर कोणाची तक्रार नव्हती. पण पुढल्या काळात नळीला तेल लावावयास दोन दिवस उशीर झाला की गंज चढतो, रिकामे काडतूस नळीत अडकते, अशा तक्रारी शिकाऱ्यांतून सर्रास ऐकू येऊ लागल्या. गिऱ्हाईक काही मूर्ख नसते. नव्या एक्स्प्रेसच्या किमतीत तीस-चाळीस वर्षांची जुनी ८७० मिळत असेल, तर तो जुनीच उचलतो. आणि कारखान्याला आपल्याच जुन्या मालाशी स्पर्धा करावी लागते.

मात्र दोष केवळ कारखानदारांच्या माथी मारून भागणार नाही. विकत घेणाराही आपल्या हौसेपायी फसतो. पहिली चूक बोअरची. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराबोअर. वीस केल्या तर वीसबोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. चारशे दहा ही मात्र या हिशेबाबाहेरची. तो आकडा इंचाच्या हजारांश भागांचा आहे. मुलगा बारा वर्षांचा झाला की बाप त्याला हलकी आणि स्वस्त म्हणून एकनळी चारशे दहा घेऊन देतो. या प्रेमात मोठा घोटाळा आहे. तिच्या काडतुसात बाराबोअरच्या मानाने जेमतेम निम्मे छर्रे मावतात. उडत्या पाखरावर त्यांचा विरळ झोत नेमका धरणे हे मुरलेल्या हाताचे काम. मुलाच्या बाराने पाखरू पडत नाही, जखमी होऊन झुडपात जाते आणि तेथे तडफडून मरते. मुलाला वाटते, आपला नेम चुकला. उलट हलक्या एकनळीत बाराबोअरचे जड काडतूस घालून दिले, तर खांद्याला असा दणका बसतो की पुढच्या वेळी चाप ओढण्यापूर्वीच त्याचे डोळे मिटतात. अशा मुलासाठी किंवा लहान चणीच्या माणसासाठी जरा वजनदार अशी वीसबोअर हीच खरी स्वस्त बंदूक.

दुसरी चूक लांब पल्ल्याच्या मोहाची. नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळीला चोक म्हणतात. तिने छऱ्यांचा झोत किती पसरावा हे ठरते. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात पूर्ण चोकचे सुमारे सत्तर टक्के छर्रे पडतात, तर मोकळ्या चोकचे पन्नास. दुकानदार सत्तरचा आकडा सांगतो आणि गिऱ्हाईक खूष होते. परंतु लावे पायाखालून उडतात आणि ससा झुडपातून वीस-पंचवीस यार्डांवर निसटतो. तेथे आवळलेला झोत वाटीएवढा असतो. बार एकतर फुकट जातो, नाहीतर पाखराची चिंधी होते आणि ताटात छर्रेच छर्रे येतात. साडेतीन इंची काडतुसाच्या तोफा खांद्यावर टाकून होल्यांच्या मागे हिंडणारे वीरही अमेरिकेत पुष्कळ आहेत. होल्याला साडेसात नंबरचे हलके काडतूस पुरते, हे त्यांना सांगावयाचे कोणी? स्थलांतरी पाखरांसाठी बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे भरण्यास कायद्याने बंदी आहे. तेव्हा पाच-सात काडतुसांच्या मोठ्या नळकांड्यासाठी जादा पैसे मोजण्यातही अर्थ नाही.

शिशाचा प्रश्न याहून गंभीर आहे. दलदलीत पडलेले शिशाचे छर्रे बदके खड्यांबरोबर गिळतात. पेटीत ते दळले जाऊन विष रक्तात भिनते. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला सर्वत्र बंदी झाली. पर्याय आला तो पोलादी छऱ्यांचा. पोलाद शिशाहून हलके असल्याने छर्रा दोन नंबर मोठा घ्यावा लागतो, आणि ते टणक असल्याने आवळलेल्या चोकच्या जुन्या नळ्यांना ते सोसत नाही. बिस्मथचे छर्रे जुन्या नळीला चालतात, पण त्यांची किंमत पाहून गरिबाचे डोळे पांढरे होतात. आजोबांची सुरेख दुनळी फुकट हाती आली म्हणून आनंदलेल्या नातवाला बदकांच्या मोसमात ही दुनळी भलतीच महाग पडते. काडतुसांचा खर्च धरल्यावाचून बंदुकीची किंमत सांगणे हा बैलाच्या किमतीत वैरण न धरण्यासारखाच प्रकार आहे.

जाहिराती ज्याबद्दल बोलत नाहीत ती गोष्ट म्हणजे बंदुकीचे माप. छऱ्यांच्या बंदुकीला मागची माशी नसते. शिकाऱ्याचा डोळा हीच तिची मागची माशी. दस्ता इंचभर लांब असला की तो काखेत अडकतो, आखूड असला की अंगठा नाकावर आदळतो, आणि डोळा नळीच्या रेषेत न आल्याने बार भलतीकडे जातो. दस्ता कापून नीट करून घेण्यास फार पैसे पडत नाहीत. तेवढा खर्च केलेली साधी पंप बंदूक मापाची नसलेल्या नक्षीदार इटालियन दुनळीपेक्षा अधिक पाखरे स्वच्छपणे पाडील. आणि जवळ जो पैसा असेल त्यातला निम्मा तरी काडतुसांसाठी, मातीच्या चकत्यांवरील सरावासाठी आणि कागदावर झोत पाहण्यासाठी राखून ठेवावयास हवा. मोसमाच्या पहिल्याच सकाळी जिवंत पाखरावर नेम शिकणाऱ्या माणसाला कायदा अडवीत नसला, तरी तो जे करतो त्याला क्रूरपणाच म्हणावे लागेल.

इलियनच्या भट्ट्या विझल्या तरी तेथल्या जुन्या ८७० अमेरिकेतील गावोगावच्या दुकानांत मांडणीवर उभ्या आहेत आणि पुढली पन्नास वर्षे त्या राहतील. त्यातली एक उचलणाऱ्याने प्रथम ती रिकामी असल्याची खात्री करावी, मग नळी उतरवून उजेडाकडे धरावी. आतून चेपलेली किंवा गंजाने खाल्लेली असेल तर जागच्या जागी परत ठेवावी. नळीवर कोरलेली काडतुसाची लांबी वाचावी, कारण पावणेतीन इंची नळीत तीन इंची काडतूस शिरते खरे, परंतु उडताना त्याच्या तोंडाला उमलावयास जागा राहत नाही आणि दाब भयंकर वाढतो. त्यानंतर डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. समोरची माशी नेमकी डोळ्यासमोर आली, तर किमतीची घासाघीस सुरू करण्यास हरकत नाही.