खोलीचे तापमान, पण कोणत्या खोलीचे?

जामनेर तालुक्यातील पहूर येथे मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या दुकानात बसणाऱ्याला 'खोलीचे तापमान' हा शब्दप्रयोग थट्टेचा वाटावा. जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. प्रयोगशाळेतील खोली मात्र साधारण २७ अंशांची. 'खोलीच्या तापमानाला टिकणारे थरांचे चुंबक' म्हणून गाजलेल्या पदार्थाचे मोल ठरविताना हा फरक विसरून चालणार नाही.

लोह, गॅलियम आणि टेल्युरियम यांचे हे स्फटिक २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी पुढे आणले. अभ्रकासारखे त्याचे पापुद्रे सुटतात. तत्पूर्वी, २०१७ मध्ये, क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या एका थरात चुंबकत्व आढळले होते. पण ते उणे २२८ अंशांपलीकडे टिकत नव्हते. नव्या स्फटिकाचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्यावर चुंबकत्व लोपते ते, सुमारे ७७ ते १०७ अंश सेल्सिअस सांगितले जाते. मग पहूरच्या उन्हाची चिंता कशाला?

मेख अशी की, चुंबकत्व त्या सीमेपर्यंत पूर्ण जोमाने टिकून एकाएकी मावळत नाही. सीमा जवळ येते तसे ते आधी सावकाश, मग झपाट्याने ओसरते. या उताराचे गणित म्हणजेच 'क्रांतिक वर्तन'. थर एकेकटे वागतात की परस्परांना आधार देतात, हेही त्यातून कळते. हा आधार क्षीण असला तरी नगण्य नाही. म्हणूनच पापुद्रे पातळ करीत गेल्यास क्रांतिक तापमान उतरते. आणि उपयोग तर पातळ पापुद्र्यांचाच व्हायचा आहे! त्यातच औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्सची सर्वसाधारण मर्यादा ८५ अंशांची. ती नेमकी या टापूत पडते.

या चुंबकाची गल्लत दुर्मीळ मृदा चुंबकांशीही होऊ नये. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा वाहन उद्योग हवालदिल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने देशी उत्पादनासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. ती मोटारींना फिरविणाऱ्या ठोकळ्यांसाठी आहे. थरांच्या चुंबकाचे क्षेत्र निराळे : कमी विजेवर चालणारी संगणकीय स्मृती. तेथे शर्यत अजून खुली आहे. भारतीय प्रयोगशाळांनी तीत उतरताना पातळ थरांची मोजमापे २७ अंशांवर न थांबविता ८५ अंशांपर्यंत न्यावीत. पत्र्याखालच्या बंद पेटीतील उपकरण बाहेरच्या ४५ अंशांहून कितीतरी अधिक तापते.