‘इम्पोर्टेड’ नावाची थाप

१/ गिरगावातल्या एखाद्या वाडीत, फाटक्या ताडपत्रीखाली, चारही टायर बसलेली जुनी मोटार दिसली की तिच्याविषयी दोनच निकाल ऐकू येतात. समाजमाध्यमांवर ती ‘कुण्या महाराजांची इम्पोर्टेड गाडी, किंमत कोटींत’ ठरते. पालिकेच्या लेखी ती ‘बेवारस वाहन’ असते. दोन्ही निकाल बहुधा गाडीचे बॉनेट न उघडताच दिलेले असतात, आणि दोन्ही मुंबईच्या इतिहासावर अन्याय करतात. #धागा

२/ आधी ‘इम्पोर्टेड’ या शब्दाचा समाचार घेऊ. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने मुंबई बंदरात येत आणि शेव्हरोले शिवडीत उभी राहून रस्त्यावर उतरे. फोर्डच्या कॅनडातील कंपनीनेही १९२६ मध्ये भारतात उपकंपनी काढली आणि पुढे मुंबईत मोटारी जुळवल्या. म्हणजे भाग परदेशी, पण गाडी उभी करणारे हात मुंबईचे.

३/ पुढचा टप्पा सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा. या देशात मोटार कारखाना हवा, ही विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मांडलेली कल्पना वालचंदांनी उचलून धरली. परकीय सरकारने युद्धकाळात तिला थारा दिला नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या.

४/ येथेच हौशी जाणकारांची फसगत होते. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट ही नावे तीन, पण गाडी मुळात एकच. फरक जाळीचा, बिल्ल्याचा आणि किरकोळ सजावटीचा. त्यामुळे बिल्ला पाहून ‘अतिदुर्मीळ डिसोटो’ अशी आरोळी ठोकणे म्हणजे पाटी वाचून घराचे वय सांगण्यासारखे आहे. बिल्ला दोन स्क्रूंनी बदलतो.

५/ १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे उत्पादनाचा कार्यक्रम नाही, केवळ जुळणी आहे, त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. आयातीवरील निर्बंध कडक झाले. प्रीमियरने फियाट ११०० हाती घेतली. तिच्याच एका गुबगुबीत रूपाला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले. बाकीच्या जुन्या गाड्यांना सुटे भाग पुरवणारी मायभूमीच तुटली.

६/ मग त्या जगल्या कशा? ऑपेरा हाउस आणि ग्रँट रोडच्या सुट्या भागांच्या दुकानांवर, चोरबाजारातील ढिगांवर आणि लेथवर भाग घडवणाऱ्या कारागिरांवर. ब्रेकचा सिलिंडर मिळाला नाही तर दुसऱ्या गाडीचा बसवला, गॅस्केट मिळाले नाही तर हाताने कापले. या शहरातील जुन्या मोटारीचा खरा इतिहास हा आहे. त्याला ‘जुगाड’ म्हणून हिणवणारे टंचाईचा काळ विसरतात.

७/ आता ताडपत्रीखालच्या गाडीकडे वळू. पहिला प्रश्न किमतीचा नसतो, ओळखीचा असतो. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणी पुस्तक या तिघांचा मेळ बसतो का? उत्पादकाची पट्टी जागेवर आहे का, की तिचे रिव्हेट नवे दिसतात? पुस्तकावरील मालक दिवंगत असेल तर वारसांची कागदपत्रे आहेत का? कागद नसलेली गाडी कितीही चकचकीत केली तरी रस्त्यावर नेता येत नाही.

८/ दुसरा प्रश्न गंजाचा. अरबी समुद्राची खारी हवा आणि पावसाळे खाल्लेल्या गाडीत रंगावरचा गंज महत्त्वाचा नाही. दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा आणि चासीचे मुख्य दांडे पाहावेत. हातोडीने हलके ठोकावे. घट्ट आवाज आला तर आशा आहे, भुसभुशीत आला तर खर्च दुप्पट समजावा. ताज्या रंगाचा जाड थर दिसला तर अधिकच सावध राहावे.

९/ जाम झालेले इंजिन पाहून लोक घाबरतात, ते चुकीचे आहे. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि हाताने फिरवून पाहावे. बॅटरी लावून स्टार्टर मारण्याची घाई करू नये. इंजिन पुन्हा बांधता येते. हरवलेली काच, दिव्याची रिंग, दाराचा मूळ हँडल हे मात्र जिकिरीचे. दुर्मीळ गाडीत महाग पडतात ते हेच लहान तुकडे.

१०/ बॉनेट उघडल्यावर अनेकदा आणखी एक धक्का बसतो : आत भलतेच डिझेल इंजिन! १९७३ नंतर पेट्रोल कडाडले तेव्हा अनेक मोठ्या अमेरिकन गाड्यांना डिझेल इंजिने बसवली गेली. संग्राहक नाक मुरडतात. पण इतिहासाच्या दृष्टीने ते इंजिन हा जागतिक तेलसंकटाचा मुंबईतील पुरावा आहे. तो उपटून फेकण्यापूर्वी निदान त्याची नोंद तरी करावी.

११/ कायदा मात्र संग्राहकांच्याच बाजूने बोलतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने हवेच, शिवाय मूळ स्वरूपात हवे. चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल नको. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा मोजक्याच कारणांसाठी बाहेर काढता येते.

१२/ या व्याख्येत कोण बसतो? ज्याच्याकडे बंदिस्त गॅरेज होते, नोकर होते आणि गाडी न वापरण्याची ऐपत होती तो. चाळीसमोर उभी राहिलेली, लग्नाच्या वरातींत भाड्याने फिरलेली, मिळेल त्या इंजिनावर तगलेली गाडी बाद. ‘मूळ स्वरूप’ हा निकष तटस्थ वाटतो, पण तो श्रीमंतीलाच वारसा म्हणतो आणि श्रमाला भंगार.

१३/ पालिकेची अडचण खोटी नाही. गिरगावचे गल्लीबोळ अरुंद आहेत. अग्निशमन बंब अडतो, साचलेल्या पाण्यात डास होतात. चाळींचा पुनर्विकास सुरू झाला की गाडीला जागाच उरत नाही. सगळे जपावे असे कुणी शहाणा म्हणणार नाही. दांडे कुजलेल्या, कागद नसलेल्या गाडीचे सुटे भाग दुसरीला जगवण्यासाठी वापरणे हाच उत्तम अंत.

१४/ मागणी एवढीच आहे की उचलण्याआधी वाचा. चासी क्रमांक टिपा, पट्टीचे छायाचित्र घ्या, शेजारच्या आजोबांना गाडीची हकिकत विचारा. अर्ध्या तासाचे काम आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली तेव्हा शहर हळहळले. हळहळ स्वस्त असते, नोंदीला कष्ट पडतात.

१५/ आणि पुढच्या वेळी कुणी ‘इम्पोर्टेड’ म्हणाले, तर विचारावे : पेट्या आल्या कुठून हे ठाऊक आहे, त्या उघडून शिवडीत किंवा कुर्ल्यात गाडी उभी कुणी केली? महाराजांची नावे सर्वांना पाठ आहेत. त्या कामगारांच्या हातांची खूण आता फक्त ताडपत्रीखालच्या त्या गंजक्या पत्र्यावर उरली आहे. (समाप्त)